माझी बुद्धी ठिकाणावर आहे

मी, खाली सही करणारी कौशल्याबाई, कै. पुंडलिकराव गभणे यांची पत्नी, वय वर्षे चौसष्ट, धंदा गाणे शिकवणे, राहणार मोहाडी, जिल्हा भंडारा, आज सकाळची शिकवणी आटोपून, जेवून आणि चष्मा पुसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहायला बसले आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मला कोणी भुलवलेले नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे.

हे शेवटचे वाक्य सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असते आणि वाचणारा ते न वाचताच पुढे जातो. माझ्या बाबतीत तसे करू नये. माझ्या दिराचा मुलगा ईश्वर गभणे याने मी वेडी झाले असे गावभर सांगितले आहे आणि गेल्या दसऱ्यानंतर मला वेड्यांच्या दवाखान्यात नेण्यासाठी दारात जीप आणून उभी केली होती. म्हणून भंडाऱ्याच्या सरकारी डॉक्टरांनी मला तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, मग म्हणाले, "बाई, राग येतो का?" मी म्हणाले, "गाण्यातले बरेच येतात. दुसराही येतो, आणि तो फार येतो." ते हसले आणि त्यांनी सही केली.

वकिलांनी बजावले होते की मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, मनातले लिहू नये. पण मालमत्ता कोणाला आणि का, हे मनातले लिहिल्याशिवाय कळणार नाही. कोर्टाला वाचायला वेळ नसेल तर त्यांनी कलमांची पहिली ओळ तेवढी वाचावी. बाकीचे ईश्वरने वाचावे.

कलम पहिले. मोहाडी येथील माझे राहते घर, मातीच्या भिंती, वर कवेलू, मागच्या आवारात विहीर आणि सीताफळाची दोन झाडे, हे सर्व मी गुलाब, पूर्वीची हेडाऊ, हिला पूर्ण मालकीने देते. चतुःसीमा : पूर्वेस बाजाराचा रस्ता, दक्षिणेस कोष्ट्यांची गल्ली, पश्चिमेस ग्रामपंचायतीची पडीक जागा, उत्तरेस ईश्वर गभणे याचे घर व त्याची नजर. शेवटचे शब्द वकिलांनी खोडले होते. मी ते पुन्हा लिहिले आहेत.

हे घर वडिलोपार्जित नाही. माझे यजमान तहसील कचेरीत कारकून होते. त्यांनी हे घर माझ्या नावावर घेतले, कारण गभण्यांच्या एकत्र घरात मला सकाळी तोंड उघडायची सोय नव्हती. सासूबाई म्हणत, "सकाळी सकाळी कायले रेकते? कोनी मेलं काय?" यजमान बोलले काहीच नाहीत. सहा महिन्यांनी त्यांनी किल्ली आणून माझ्या हातात दिली.

त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. साऱ्या आयुष्यात त्यांनी माझ्या गाण्याला कधी 'वा' म्हटले नाही, त्यांना त्यातले कळतही नव्हते. पण मिरजेहून माझा मोठा तंबोरा रेल्वेने वरठीला आला तेव्हा बसवाल्याने तो आत घ्यायला नकार दिला, आणि टपावर बांधला असता तर भोपळा फुटला असता. तेव्हा या माणसाने धोतर खोचून तो डोक्यावर घेतला आणि वरठीहून मोहाडीपर्यंत चालत आणला. रस्त्यात लोक हसले. हसणाऱ्यांत त्यांचा सख्खा भाऊ होता, म्हणजे ईश्वरचा बाप. आता त्याच बापाचा मुलगा म्हणतो की काकांचे घर काकांच्या रक्ताला मिळाले पाहिजे. रक्त त्या दिवशी सायकल टेकवून पानठेल्यावर उभे होते.

कलम दुसरे. वर सांगितलेला मोठा तंबोरा, धाकटा तंबोरा, तबला-डग्गा आणि पेटी ही वाद्ये या घरातल्या शिकवणीची आहेत. ती गुलाबच्या ताब्यात राहतील. विकता येणार नाहीत, सभासमारंभांना उसनी देता येणार नाहीत. गणेश उत्सवाच्या समितीला तर नाहीच नाही. त्याचे कारण असे.

मी मूळची कारध्याची, शेतकऱ्याची मुलगी. धान पिकायला आले की राघूंचे थवे उतरतात. ते हाकलायला मला बांधावर उभे करीत. माझा आवाज लहानपणापासून मोठा आणि रुंद होता. माझ्या हाळीने तीन बांध्यांपलीकडचे राघू उडत. भंडाऱ्याचे लक्ष्मणराव गुरुजी एकदा आमच्या गावी कोणाकडे सत्यनारायणाला आले होते, त्यांनी ती हाळी ऐकली आणि थेट शेतात येऊन माझ्या बापाला म्हणाले, "या पोरीला माझ्याकडे पाठवा." बाप म्हणाला, "मंग राघू कोन हाकलंल?" गुरुजी म्हणाले, "राघूंना खाऊ द्या थोडे." मी नदी ओलांडून त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले ती लग्न होईपर्यंत. बायकांनी आवाज बारीक, गोड करून गावे अशी तेव्हा रीत होती. गुरुजींनी मला ते करू दिले नाही. म्हणाले, "हा शेतातला आवाज आहे. याची लाज वाटली तर गाणे सोड, आवाज लहान करू नको."

तोच आवाज मी मोहाडीत घेऊन आले आणि गावाने त्याचे काय केले ते सांगते. १९७४ साली गणेश उत्सवात माझे गाणे ठेवले. समितीचे अध्यक्ष राइस मिलवाले भैय्यालाल स्वतः घरी बोलवायला आले होते. मी ख्याल नुकताच मांडला होता. लोक शांत बसले होते, मागे झाडाखाली बसलेल्या बायकासुद्धा. तेवढ्यात ऑर्केस्ट्राची गाडी आली. भैय्यालाल स्टेजवर चढले, माझ्यासमोरचा माइक उचलला आणि माझ्याकडे न बघता लोकांना म्हणाले, "बाईंनी लय छान गायलं. आता टाळ्या वाजवा अन् त्यायले जाऊ द्या. पार्टी येऊन राहिली."

मी उठले नाही. माइक नसताना गायले. माझा आवाज माइकवर मोठा झालेला नव्हता. ऑर्केस्ट्रावाली पोरे वाद्ये घेऊन स्टेजच्या कडेला उभी राहिली, बिचारी पुढे यायला तयार होईनात. शेवटी भैय्यालाल यांनी स्टेजवरचे दिवे बंद करवले. अंधारात मी समेवर आले आणि उतरले. त्यानंतर मोहाडीत मी लोकांसमोर गायले नाही. सात वर्षांनी भैय्यालाल माझ्या सत्काराची शाल घेऊन दारात आले. गाणे नको होते, सत्कार हवा होता. ती शाल मी ठेवून घेतली. थंडीत आमच्या गवळणीच्या गाभण गाईच्या पाठीवर ती छान बसते. शाल त्या गाईचीच राहील.

कलम तिसरे, गुलाबविषयी. घर परक्या जातीच्या, परक्या घरच्या बाईला काहून देऊन राहिली, असे मला आठ दिशांनी विचारले गेले आहे. उत्तर देते.

गुलाब दक्षिणेकडच्या कोष्ट्यांच्या गल्लीतली. बाप हातमागावर पातळे विणायचा. शिकवणी चालू असताना ती खिडकीखाली उभी राहून मुलींच्या चुका दुरुस्त करून गायची, ते ऐकून मी तिला आत ओढले. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी आयुष्यात अनेक मुली शिकवल्या. बहुतेक लग्नापर्यंत शिकल्या आणि मग डोहाळजेवणाची गाणी गाण्यापुरत्या उरल्या. त्यांना मी दोष देत नाही. पण गुलाबचा गळा माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी तिला कधी सांगितले नाही. येथे लिहिते आहे, म्हणजे मी गेल्यावर तिला कळेल आणि तोवर ती मेहनत करील.

तिचे लग्न वरठीच्या खुशालशी ठरले. तो रेल्वेत आहे. बैठकीत मी स्वतः बसले होते. सगळ्यांसमोर विचारले, "हिचे गाणे चालू राहील का?" खुशाल म्हणाला, "हो बाई. आमालेबी गान्याचा शौक हाय." त्याचा शौक म्हणजे घरातला रेडिओ, हे मला नंतर कळले. तरीही तीन-चार वर्षे बरी गेली. दर बाजाराच्या दिवशी गुलाब बसने यायची, दिवसभर शिकायची आणि संध्याकाळी परतायची. मुलगी झाल्यावर मुलीला घेऊन यायची. १९८२ साली ती नागपूर आकाशवाणीची परीक्षा पास झाली आणि पहिल्या कार्यक्रमाची तारीख मिळाली.

त्या दिवशी मी वरठी स्टेशनवर धाकटा तंबोरा घेऊन बसले होते. गाडी आली, गुलाब आली नाही. गाडी गेली. मग खुशाल सायकलवर आला आणि न उतरताच म्हणाला, "ते नाही येत बाई. तिले ताप हाय." मी म्हणाले, "मला बघू दे." तो म्हणाला, "बघाचं काही काम नाही. तुमी घरी जा."

खरी गोष्ट अशी होती की त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांनी त्याला चिडवले होते की आता तुझ्या बायकोचा आवाज चहाच्या टपरीवर चार आण्यात ऐकायला मिळेल. एवढ्याने एक माणूस पेटला. त्याने गुलाबला घरात कोंडले आणि तिचा तंबोरा फोडला. तो तंबोरा माझा होता, लक्ष्मणराव गुरुजींनी मला लग्नात दिलेला. मी तो तिला दिला होता. त्याचे तुकडे चुलीत घातले.

मी पंधरवडाभर निरोप पाठवले. मग एका सकाळी पहिल्या बसने वरठीला गेले. दार वाजवले. गुलाबची सासू बाहेर आली आणि उंबऱ्यावरच म्हणाली, "माय, तुमी शिकलेल्या बाई. पन आमच्या घरची सून रेडिओत गायाले लागली तं उद्या लोक आमच्या घरी ढोलकी घेऊन येतीन. तुमी आता येजा नोका." आणि दार लावले.

त्यांच्या दारासमोर रस्त्यापलीकडे पिठाची गिरणी आहे. तिच्या ओट्यावर मी बसले. हातात तंबोरा नव्हता. गिरणी चालू होती, तिच्या पट्ट्याच्या आवाजातूनच मी आपला षड्ज धरला आणि तोडी सुरू केली. मी तेव्हा साठ ओलांडलेली होते, डोक्यावर पदर, शेजारी लोकांच्या गव्हाच्या पिशव्या. कामावर जाणारे सायकलवरून उतरून बघू लागले. कोणी म्हणाले, "कोनाची बुढी हाय बे? सरकली वाटते." गिरणीचे मालक ताराचंद टेंभरे बाहेर आले, थोडा वेळ उभे राहिले, आत गेले आणि त्यांनी गिरणी बंद केली. मागे न वळता मला एवढेच म्हणाले, "गावा बाई. दळन दुपारी होईल."

मी स्थायी गायले. फिरून गायले. मला वाटले नव्हते की दार उघडेल. मी त्या घराला ऐकवायला बसले होते, माझा राग दुसऱ्या कशात मावत नव्हता. अंतऱ्याला मी वर गेले आणि श्वास घ्यायला थांबले, तेव्हा आतून अंतरा आला. बंद दाराआडून, भिंतीआडून, पूर्ण आवाजात. गुलाबने एक अक्षरही दाबले नाही. आत भांडे आपटल्याचा आवाज झाला, खुशाल ओरडला, मूल रडले, आणि तिचा सूर तसाच राहिला. मी खालून धरला, ती वर गेली. रस्त्यावर माणसे उभी होती.

मग दार उघडले. कडी गुलाबने काढली की सासूने, ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारले नाही. गुलाब बाहेर आली, मुलगी कडेवर, पायात चप्पल नाही. खुशाल दारातून म्हणाला, "गेली तं वापस येजो नोको."

ती म्हणाली, "नाही येत."

एवढेच. तेव्हापासून ती या घरात राहते. आकाशवाणीवर ती गेली वर्षभरानंतर, आणि आता जाते. खुशालने दुसरे लग्न केले आहे. त्याला या मृत्युपत्राने काही मिळत नाही. त्याने गुरुजींच्या तंबोऱ्याचे लाकूड जाळून एक वेळचा भात शिजवला, त्याचे समाधान त्याला पुरेल.

कलम चौथे. ईश्वर पुंडलिकरावांचा सख्खा पुतण्या असला तरी त्याला घरातील एकही कवेलू मिळणार नाही. हा मुलगा शाळेसाठी तीन वर्षे माझ्याच घरी राहिला. त्याला मी दोन्ही वेळचे जेवायला घातले, टायफॉइडमध्ये उशाशी बसले. त्याच्या गळ्यात सूर नव्हता म्हणून त्याला गाण्याला बसवले नाही. त्याचे त्याला वाईट वाटले असेल तर मला माहीत नाही. कधी बोलला नाही.

वरठीच्या प्रकारानंतर तो बोलू लागला. आधी तहसीलच्या बाहेर चहावाल्याकडे, मग समाजाच्या बैठकीत. "काकूचं डोस्कं फिरलं ना भाऊ. रस्त्यावर बसून गाते. नवरा सोडलेली बाई घरात ठेवली." गेल्या दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सकाळी तो जीप घेऊन आला. बरोबर दोन तरणे. मुली माझ्यासमोर बसल्या होत्या. तो आत आला आणि जोडे न काढता सतरंजीवर उभा राहून म्हणाला, "काकू, चाला. नागपूरले डाक्टरले दाखवून आनू." मी म्हणाले, "शिकवणी चालू आहे." त्याने माझा दंड धरला. तो काळानिळा झालेला डाग डॉक्टरांनी दाखल्यात नोंदवला आहे. एका तरण्याने दुसरा हात धरला.

गुलाब मागच्या आवारातून धावत आली आणि दारात आडवी उभी राहिली. पण तिला बाजूला करणे त्यांना कठीण नव्हते. मी ज्याने माझा दुसरा हात धरला होता त्याच्या तोंडाकडे बघितले. म्हणाले, "तू मंदाचा भाऊ ना? मंदा बोंद्रे? तुला कडेवर घेऊन यायची ती शिकवणीला. इथेच झोपायचास." त्याने हात सोडला. खाली बघितले आणि स्वतःचे जोडे काढून हातात घेतले. मग ईश्वरला म्हणाला, "दादा, सोड बाईले."

"पैशे घेतले ना बे तू?" ईश्वर म्हणाला.

"वापस घेजो. सोड."

मुलींच्या आया तोवर गल्लीतून आल्या होत्या, कोणाच्या हातात मुसळ, कोणाच्या हातात तशीच खरकटी परात. जीप रिकामी गेली. मुली घाबरून रडत होत्या. मी त्यांना पाणी दिले आणि राहिलेला अर्धा तास शिकवला, कारण तो त्यांचा होता.

म्हणून ईश्वरला एवढेच द्यावे : डॉक्टरांच्या दाखल्याची नक्कल, चौकटीत बसवून, समोर काच लावून. त्याने ती दर्शनी भिंतीला लावावी. खिळा मी ठेवून जात आहे.

कलम पाचवे. पोस्टात जे काही आहे ते गुलाबची मुलगी तारा हिच्या शिक्षणासाठी आहे. ताराला गाण्याची सक्ती करू नये. तिला बाजारातल्या गिरणीचा पट्टा आवडतो, ती तासन्तास बघत बसते. तिला यंत्रे शिकायची असतील तर यंत्रे शिकवावीत. एका गाणाऱ्या बाईने दुसऱ्या मुलीच्या मनाविरुद्ध तिच्या गळ्यात गाणे घातले, असे माझ्या घरात घडायला नको.

कलम सहावे, शिकवणीविषयी. जात, घर, कपडे बघून मुलगी परत पाठवू नये. आवाज बारीक करून गाणारीला आधी मागच्या आवारात नेऊन ओरडायला लावावे. कोणत्याही मुलीचे लग्न ठरले तर गुलाबने बैठकीला जावे आणि मी विचारला तो प्रश्न विचारावा. उत्तर कागदावर घ्यावे, सहीसह. मी तोंडी घेतले होते.

कलम सातवे व शेवटचे. माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. भैय्यालाल किंवा समितीचा कोणी माझ्याबद्दल चार शब्द बोलायला उभा राहिला तर त्याच्यासमोरचा माइक गुलाबने उचलून न्यावा.

दहावा, तेरावा करायचा असेल तर करावा, नाही केला तरी चालेल. अग्नी गुलाबने द्यावा. पुरुषच लागतो असे कोणी म्हणाले तर त्याने आपल्या घरी जावे.

हे कलम मी गुलाबला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाई, तुमी गेल्यावर त्या दिवशी तं शिकवनी बंद ठेवा लागन."

मी म्हणाले, "काहून?"

"लोक जमतीन ना. तुमी समोर असान अन् आमी गावाचं? लोक काय म्हनतीन?"

"म्हणतीलच," मी म्हणाले. "आजवर काय कमी म्हटले?"

म्हणून लिहून ठेवते. मी ज्या दिवशी मरेन त्याही दिवशी शिकवणी वेळेवर सुरू होईल. मुली रडत असल्या तर रडत सूर लावतील. मला मधल्या खोलीत ठेवावे आणि दार उघडे ठेवावे. नातेवाईक, गावकरी आणि तिरडी बांधणारे यांनी बाहेर ओट्यावर बसून राहावे, मोठ्याने बोलू नये, आणि तास पूर्ण झाल्याशिवाय मला उचलू नये. मेलेल्या माणसाला घाई नसते. मुलींना घरी जाऊन शाळेत जायचे असते, त्यांचे आधी.

वरील सर्व मी वाचले, समजले आणि कबूल केले. एक शब्दही मागे घेत नाही. खालील साक्षीदारांच्या समक्ष सही करते. त्यांनीही माझ्या समक्ष सह्या केल्या आहेत.

(सही) कौशल्याबाई पुंडलिकराव गभणे

साक्षीदार :
१. (सही) ताराचंद टेंभरे, धंदा पिठाची गिरणी, राहणार वरठी
२. (सही) मंदाबाई, पूर्वीची बोंद्रे, धंदा शेती, राहणार कारधा

मृत्युपत्र करणारी बाई माझ्यासमोर शुद्धीवर असून सर्व प्रश्नांची उत्तरे तिने नीट दिली.
(सही व शिक्का) वैद्यकीय अधिकारी, भंडारा

स्थळ : मोहाडी
दिनांक : ९ डिसेंबर १९८५, सोमवार